मिस्टर डिक यांचे कथेत काय काम?

चार्ल्स डिकन्स या इंग्रज ग्रंथकाराची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी सन १८४९ च्या मे महिन्यापासून १८५० च्या नोव्हेंबरपर्यंत मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. ती अभ्यासणारे विद्यार्थी एका पात्रापाशी येऊन बहुधा अडखळतात. ते पात्र म्हणजे मिस्टर डिक. केस पिकलेले, मुद्रा प्रसन्न, आणि वृत्ती लहान मुलाची, असे हे गृहस्थ आपल्या गाऱ्हाण्याचा एक अर्ज सरकारातील कोणा बड्या अधिकाऱ्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ लिहीत आहेत. परंतु तो पुरा होत नाही, कारण दर वेळी त्यात पहिल्या चार्ल्स राजाचे मस्तक शिरते. या राजाचा ३० जानेवारी १६४९ रोजी लंडन येथे शिरच्छेद झाला. त्या मस्तकातील काही त्रास चुकून आपल्या मस्तकात घातला गेला, अशी मिस्टर डिक यांची समजूत! वाया गेलेल्या कागदांचा ते मोठा पतंग करतात आणि तो आकाशात सोडून समाधान पावतात. विद्यार्थी विचारतात, ‘या वेड्या मनुष्याचे कथेत काम काय?’ प्रश्न पुस्तकापुरता दिसतो; पण आम्हांस तो पुस्तकाबाहेरचाही वाटतो.

पहिले उत्तर असे मिळते की, वाचकांस हसविण्यासाठी हे पात्र घातले आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. कथेतच त्यांची हकीकत दिली आहे. बाप मरतेसमयी त्यांस वडील भावाच्या स्वाधीन करून गेला. भावास त्यांची लाज वाटे. घरी येणाऱ्यांच्या दृष्टीस ते पडू नयेत म्हणून त्याने त्यांस खासगी वेड्यांच्या घरात ठेविले. त्यातच त्यांची आवडती बहीण वाईट नवऱ्याच्या हाती सापडली. भावाचे भय आणि बहिणीचे दुःख यांनी त्यांस मोठा ताप आला. तो आजार आठवणे त्यांस इतके जड जाते की, ते त्यास दुसऱ्या एका भयंकर गोष्टीचे नाव देतात. राजाचे मस्तक ते हेच. हे कळल्यावर हसू ओठांवरच थांबते.

दुसरे उत्तर असे की, मिस्टर डिक पुढे उपयोगी पडतात. ही गोष्ट खरी आहे. डॉक्टर स्ट्राँग या वृद्ध विद्वानाच्या व त्याच्या तरुण पत्नीच्या मनांत पडलेले अंतर शहाण्या मंडळीस मिटविता आले नाही. ते यांनी मिटविले. वेड्याच्या बोलण्याचा कोणी राग धरीत नाही, हे ओळखून ते दोघांच्या मध्ये गेले. घरात दारिद्र्य आले तेव्हा त्यांनी कोर्टाच्या कागदांच्या नकला करून पैसे मिळविले आणि ती नाणी तबकात हृदयाच्या आकाराने मांडून डोळ्यांत पाणी आणून पुढे केली.

तथापि हे उत्तर आम्हांस पहिल्याहून अधिक धोक्याचे वाटते. उपयोगी पडले म्हणून जर त्यांची किंमत, तर उपयोगी पडण्यापूर्वी त्यांची किंमत काय होती? मग त्यांस दृष्टीआड करणारा भाऊ तोपर्यंत बरोबर होता, असेच म्हणावे लागेल. आणि जो कधीच दोन पैसे मिळविणार नाही, कोणाचे भांडण मिटविणार नाही, त्याची वाट काय?

याचे उत्तर बेट्सी ट्रॉटवुड या बाईच्या वागण्यात आहे. ती मिस्टर डिक यांची दूरची नातलग. याचे जे थोडे उत्पन्न आहे ते त्यास द्या आणि त्यास माझ्याकडे राहू द्या, असे तिने त्या भावास सांगितले. ते पुढे काही करून दाखवितील, अशी अट तिने घातली नाही. अर्ज पुरा होवो वा न होवो, त्यात त्यांचा वेळ सुखाने जातो, एवढे तिला पुरे होते. मात्र तिने त्यांस नुसते अन्नवस्त्र देऊन कोपऱ्यात बसविले नाही. ती त्यांचा सल्ला घेई. ते उत्तर देण्यात टंगळमंगळ करू लागले तर रागावे. कारण त्यांस बुद्धी आहे, असे ती धरून चाले.

आईबापांवेगळा लहानगा डेव्हिड लंडनहून डोव्हरपर्यंत सत्तर मैलांवर वाट पायी तुडवून, वाटेत लुबाडला जाऊन, अंगावरचे कपडे विकून, या आजीच्या दारी आला. बाई गोंधळली. तिने मिस्टर डिक यांस विचारले, ‘या मुलाचे काय करावे?’ दुसरा कोणी असता तर खर्चाचा, कायद्याचा, लोकापवादाचा विचार करीत बसता. मिस्टर डिक यांनी मुलाकडे पाहिले आणि सांगितले की, आधी त्यास आंघोळ घालावी. समोर धुळीने माखलेले एक लेकरू आहे, हे त्यांसच प्रथम दिसले. पुढे मुलाचा कठोर सावत्र बाप त्यास न्यावयास आला, तेव्हाही बाईने तोच प्रश्न केला; आणि ताबडतोब मुलाच्या कपड्यांचे माप घ्यावे, असा सल्ला मिळाला. मूल राहिले.

हे उत्तर थोर खरे. परंतु तो प्रश्न त्याहून थोर, असे आमचे मत आहे. तो विचारला नसता, तर उत्तर मनातल्या मनातच राहिले असते, आणि जगाने म्हटले असते की, या मनुष्यास काही कळत नाही.

कोणी म्हणेल, बाईजवळ पैसा होता, तिला हे शोभले. पण पैसा बुडाल्यावरही तिने मिस्टर डिक यांस सोडले नाही. लंडनात त्यांस मिळालेली खोली इतकी लहान होती की, तेथे मांजर धरून फिरवावयासही जागा नाही, असे घरमालकीण आपल्या भाषेतील म्हणीप्रमाणे म्हणाली. आपणांस मांजर फिरवावयाचेच नाही, असे मिस्टर डिक यांनी गंभीरपणे सांगितले व ते तेथे आनंदाने राहिले. अशा मनुष्यास सांभाळणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. सांभाळणारा थकतो, त्यालाही साह्य पाहिजे. परंतु ओझे जड आहे असे म्हणणे निराळे, आणि ओझ्यास तोंड नाही असे समजणे निराळे.

वाचकहो, असा एखादा मनुष्य आपल्याही गावी असतो. लग्नकार्याच्या दिवशी त्यास आतल्या खोलीत बसवितात. पाहुण्यांस त्याचे नाव सांगत नाहीत. ताट त्यास वेळेवर मिळते, आणि आपण आपले कर्तव्य झाले असे समजतो. मिस्टर डिक यांचे कथेत काय काम, हे विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावे. आम्ही मात्र आमच्या वाचकांस निराळे विचारितो: आपल्या घरातील त्या मनुष्यास, ‘तुला काय वाटते?’ असे आपण शेवटचे केव्हा विचारले, आणि उत्तर येईपर्यंत थांबलो काय?