वर्गातल्या काकू



लग्नामुळे, घरच्या आजारपणामुळे किंवा नोकरीमुळे सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू करावे, असे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मनात असते. फीची सोय होते, भिसेगावहून निघून कर्जत-कल्याण लोकलचा प्रवासही जमतो. पाय अडतो तो वर्गाच्या दारात. आपण आत शिरताच लेकीच्या वयाच्या दोघी उठून उभ्या राहतात. त्यांना वाटते, बाईच आल्या!

मग त्या आपल्याला काकू म्हणू लागतात. हाक प्रेमाची असते. पण काकूला बसायला जागा देतात, काकूसमोर मनातले बोलत नाहीत. आपण 'अगं' म्हणायचे, त्यांनी 'अहो'. अशांची मैत्री होऊ शकते का?

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून आज्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. कौतुक वाटते, पण तिथे शेजारची विद्यार्थिनीही आजीच. लाज वाटून घेता येते.

संत इग्नेशियस लोयोला यांना ती सोय नव्हती. १५२४ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, हा जखमी होऊन घरी आलेला लढवय्या बार्सिलोनात लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवू लागला. पाठांतराला बसले की मनात आध्यात्मिक विचारांची गर्दी होई आणि व्याकरण बाजूला राही. शेवटी त्यांनी गुरुजींना शब्द दिला की, दोन वर्षे तुमचा एकही धडा चुकवणार नाही. पुढे १५२८ साली पॅरिसला गेले, तर लॅटिनचा पाया कच्चा म्हणून पुन्हा लहान मुलांच्या वर्गात!

१५२९ साली सेंत बार्ब महाविद्यालयात त्यांना खोलीत जोडीदार मिळाले पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. दोघेही १५०६ साली जन्मलेले, म्हणजे इग्नेशियसपेक्षा १५ वर्षांनी लहान. अभ्यासात ते पुढे होते. फेबर इग्नेशियसना तत्त्वज्ञानाचे धडे समजावून देई, आणि त्याच फेबरने आपल्या मनातली घालमेल हळूहळू त्यांच्यापाशी उघडी केली. आम्हांला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी थोरल्याने धाकट्याकडून शिकून घेतले. आपण बहुधा उलटे करतो: पहिल्या आठवड्यातच उपदेश सुरू, नाहीतर सर्वांना वडापाव. काहीजण मुलांसारखे बोलू पाहतात. ते तर मुलांनाच अवघडल्यासारखे होते. त्यापेक्षा "हे गणित मला कळले नाही, सांगशील?" हे खरे असेल तर पुरते.

अवघड प्रश्न पुढेच आहे. विश्वासाने मुलगी सांगते की ती तास बुडवते, किंवा तिचे कुणावर मन बसले आहे. रविवारी मिस्सेला तिची आई आपल्या शेजारच्या बाकावर असते. सांगायचे का? काकू म्हणून जीभ शिवशिवते. मैत्रीण म्हणून आधी तिच्याशीच, तोंडावर बोलले पाहिजे, मग ती रुसली तरी चालेल. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आईला सांगावेच, पण तेही तिला कळवून. एरवी तिच्या पाठीमागे बातमी पोहोचवणे याला आम्ही वडीलकी म्हणणार नाही.

झेवियर मात्र सहजासहजी वळले नाहीत. इग्नेशियसनी वाट पाहिली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी व्रते घेतली, त्यांत फेबर आणि झेवियरही होते. पुढे ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. त्या दोघा खोलीसोबत्यांची पुन्हा भेट झाली नाही. पूर्वेकडील दूरच्या बेटांवरून १५४६ साली त्यांनी सोबत्यांना लिहिले की, तुमच्या पत्रांवरच्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत जवळ बाळगतो.