पडद्यावरचा अवयवी

घरच्या कामकाजाच्या मेजावर संगणकासाठी २७ इंची, ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा नवा पडदा मांडून त्याची पारख करावयास बसलो आणि सहज कुतूहलाने तीव्र भिंग लावून पाहिले, तो पिवळ्या पट्टीच्या जागी पिवळे असे काहीच आढळले नाही. तांबड्या व हिरव्या कणिका तेवढ्या शेजारी शेजारी तेवत होत्या. मग क्षणापूर्वी पाहिलेला पिवळा रंग होता कोठे? अवयवांहून निराळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर असतो, हे न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांचे म्हणणे. अवयवांचा समुदाय तेवढा खरा, बाकी सारी कल्पना, हा बौद्धांचा प्रतिवाद. आणि सुमारे ८३ लक्ष बिंदूंचा हा पडदा त्याच जुन्या दाव्याची मिसल मजपुढे उघडून बसला होता.



त्याच आकाराच्या माझ्या जुन्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० एवढेच बिंदू असल्यामुळे अनुस्वाराच्या कडा दंतुर दिसत आणि अक्षराबरोबर त्याचे घटकही डोळ्यांस खुपत. नव्या पडद्यावर ६० सेंटिमीटरांवरून एक बिंदू डोळ्याशी एका कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून, किंचित लहान कोन करतो, आणि निकोप दृष्टीची सर्वसाधारण मर्यादा तेवढीच असल्याने बौद्धांचा पुरावा दप्तरातून जणू गहाळच होतो. तरी वाचताना मला दिसते ते अक्षर, बिंदू नव्हेत, म्हणून माझा कौल तूर्त नैयायिकांकडे झुकतो. भिंग मात्र अद्याप मेजावरून उचललेले नाही.