तिऱ्हाईत लेन्स

दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करताना माणसाने भरवसा कशावर ठेवावा, नावावर की कामावर? प्रश्न जुनाच आहे. स्थळ पाहताना, नोकरीत माणूस घेताना, डॉक्टर निवडताना तो आपल्यापुढे उभा राहतोच. मी तो येथे एका छोट्या वस्तूच्या निमित्ताने मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याला लावायची रुंद कोनाची झूम लेन्स, आणि तीही कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीची नव्हे, दुसऱ्याच कंपनीची. छायाचित्रणाच्या धंद्यात तिला थर्ड पार्टी लेन्स म्हणतात. मराठीत त्यासाठी फार नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळा गल्लीत आहे, मैदान नाही, वर्ग लहान आणि मुले भरपूर. फळ्याला पाठ लावून उभे राहिले तरी सगळा वर्ग एका चौकटीत मावत नाही. शाळेकडे माजी विद्यार्थ्यांनी दिलेला निकॉन डी ९० कॅमेरा आहे. हे मॉडेल २००८ साली बाजारात आले. त्यातील सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे प्रत्येक लेन्सचे दृश्य दीडपटीने आवळले जाते. सोबतची लेन्स १८ मिलिमीटरपासून सुरू होते. तिला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७६ अंश दिसतात. ११ मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे १०४ अंश दिसतात. या २८ अंशांत आमच्या वर्गाच्या दोन्ही कडांची बाके येतात. म्हणजे गरज खरी होती, हौसेची नव्हती.

वर्गणी जमली आणि निवडीचे काम माझ्याकडे आले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रेमाने सल्ला दिला, "मॅडम, पैसा मुलांचा आहे. ओरिजनलच घ्या, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको."

या सल्ल्यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यात दोन वाक्ये आहेत आणि ती ऐकताना एकच वाटतात. पहिले वाक्य मुलांच्या हिताचे आहे. दुसरे माझ्या सुरक्षिततेचे आहे. नामांकित कंपनीची लेन्स खराब निघाली तर लोक म्हणतील, कंपनीने फसवले. तिऱ्हाईत कंपनीची खराब निघाली तर म्हणतील, मॅडमनी फसवून घेतले. म्हणजे नावासाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, त्यातला काही भाग चांगल्या काचेचा असतो आणि काही भाग आपल्या निश्चिंत झोपेचा असतो. स्वतःच्या खिशातून ही झोप विकत घ्यायला कुणाची हरकत असणार? पण वर्गणीच्या पैशाने ती घ्यावी का? अमानत म्हणजे पैसा खाऊ नये एवढाच तिचा अर्थ नाही. ज्यासाठी तो दिला गेला, त्याच कामाला तो पूर्ण लागावा, हाही अमानतीचाच भाग आहे.

मात्र नावाची बाजू पोकळ आहे असे समजणे अन्यायाचे होईल. नाव ही साठवलेली साख असते. शिवाय येथे एक तांत्रिक कारणही आहे. लेन्स आणि कॅमेरा जेथे जोडले जातात त्या जागेला माउंट म्हणतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा, कॅननचा ईएफ १९८७ सालचा. आजच्या माउंटमधून केवळ प्रकाश जात नाही, विजेचे संदेशही जातात. लेन्स किती उघडायची, नजर कुठे स्थिर करायची, हे कॅमेरा लेन्सला सांगत असतो. ही त्यांची घरातली बोली. ती कंपनी सहसा बाहेर सांगत नाही. बाहेरच्याला ती कान देऊन शिकावी लागते. संदेश जातात कसे, उत्तर येते कसे, याचे निरीक्षण करून तो आपली लेन्स त्या बोलीत बोलती करतो. पुढे कॅमेऱ्याचे नवे मॉडेल आले, बोलीत एखादा नवा शब्द आला, की जुनी तिऱ्हाईत लेन्स गप्प बसू शकते. सिग्माच्या काही जुन्या लेन्स कॅननच्या नंतरच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर अशाच अडल्या होत्या. तेव्हा आमच्या सहकाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

पण ऐकून शिकलेली भाषा ही चोरलेली भाषा असते का? आमच्या वर्गातील मुले मराठी अशीच शिकतात. काही पुस्तकातून, बरीचशी बाजारात, बसमध्ये, शेजारच्या ओट्यावर. एखादे लिंग चुकते, एखादा प्रत्यय अडतो. तरीही ती भाषा बोलण्याचा त्यांचा हक्क कुणी दिलेला नसतो आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. शिवाय बोली दुसऱ्याची असली तरी सांगायचे ते त्यांचे स्वतःचे असते. या लेन्स कंपन्यांचेही तसेच आहे. टॅमरॉन आणि टोकिना या दोन्ही कंपन्यांची सुरुवात १९५० सालची. टॅमरॉनचे नाव तर तामुरा या तिच्या काचतज्ज्ञ अभियंत्याच्या नावावरून पडले. सिग्मा १९६१ ची, तिचा कारखाना जपानमधील आयझू येथे आहे. माउंट दुसऱ्याचा असेल, काचेची रचना त्यांची आहे. २००८ च्या सुमारास टोकिनाची ११-१६ मिलिमीटर एफ २.८ ही लेन्स आली, तेव्हा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी इतक्या रुंद कोनाची आणि सबंध झूमभर एफ २.८ इतकी उघडणारी लेन्स निकॉनकडेही नव्हती आणि कॅननकडेही नव्हती. अंधाऱ्या वर्गासाठी या उघडण्याला फार महत्त्व आहे. घरच्यांनी जे केले नव्हते, ते तिऱ्हाईताने केले.

आता नावावर विसंबणाऱ्याने विचारात घ्यावी अशी एक गोष्ट सांगते. निकॉनने २०१७ साली १०-२० मिलिमीटरची एक हलकी आणि बरीच स्वस्त लेन्स काढली. तिच्या नावात एएफ-पी ही अक्षरे आहेत. नाव निकॉनचे, माउंट निकॉनचा, हमी निकॉनची. सहकाऱ्यांच्या सल्ल्यात ती अगदी चपखल बसत होती. पण ही लेन्स डी ९० ला लावली तर नजर स्थिरच करू शकत नाही. आपोआप नाही आणि हाताने कडे फिरवूनही नाही, कारण तिचे कडेसुद्धा विजेच्या संदेशावर चालते आणि जुन्या कॅमेऱ्याला तो संदेश कळत नाही. घरचीच लेक, पण घरच्या थोरल्याशी तिचे बोलणे होत नाही! उलट टोकिनाच्या त्या ११-१६ लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत स्वतःची मोटर नाही. डी ९० च्या अंगात मोटर आहे, म्हणून त्याच्याशी तिचे छान जमते. निकॉनच्याच डी ४० मध्ये, २००६ च्या मॉडेलमध्ये, ती मोटर नाही. तेथे हीच लेन्स हाताने फिरवावी लागते. म्हणजे चांगली लेन्स आणि वाईट लेन्स हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाची कोणाशी जुळते, हा खरा प्रश्न आहे. जुळणे कुळावरून कळत नाही, लावून पाहिल्यावरच कळते.

येथे कुणी विचारील, घर ज्याने बांधले त्याला दार बंद ठेवण्याचा हक्क नाही का? आहे. सोनीने २०११ साली आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्स कंपन्यांना विनामूल्य द्यायचे ठरवले. कॅननने २०१८ साली आणलेल्या आरएफ माउंटबाबत वेगळी वाट धरली. पेटंटचा भंग होतो या कारणावरून व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफ लेन्सची विक्री थांबवायला सांगितल्याचे २०२२ साली तिने स्पष्ट केले. पुढे २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना लहान सेन्सरच्या लेन्ससाठी परवानगी मिळाली. दोन्ही वाटा कायद्याने चुकीच्या नाहीत. पण कॅमेरा विकत घेतल्यावर त्या घराचा एक मालक मीही असते. दार किती उघडे आहे, हे खरेदीपूर्वी पाहणे हे माझेही काम आहे. जे दार उघडे ठेवतात त्यांच्याकडे पाहुणे जास्त येतात आणि गिऱ्हाइकाला निवडही जास्त मिळते.

मग निवड करायची कशी? मी जे केले ते सांगते, त्यात विद्वत्ता काही नाही. आमच्या ऐपतीत नवी लेन्स बसत नव्हती, म्हणून वापरलेली पाहिली. परत करण्याची मुदत आधी ठरवून घेतली. शाळेचा कॅमेरा सोबत नेला. विटांच्या भिंतीसमोर सरळ उभे राहून छायाचित्र घेतले आणि चारही कोपरे ताडून पाहिले. एक कोपरा स्पष्ट आणि समोरचा पुसट असेल तर आतली काच तिरकी बसलेली असते. खिडकीकडे तोंड करून एक छायाचित्र घेतले. उजेडाचे डाग पडले, झाडाच्या फांद्यांच्या कडांना जांभळी किनार आली. या लेन्सचे हे दोष प्रसिद्धच आहेत. तेही लिहून ठेवले. सिग्माची १०-२० आणखी रुंद पाहते, पण तिचे तोंड कमी उघडते. आमच्या वर्गात उजेड कमी, म्हणून टोकिना घेतली. एका कागदावर ही सगळी कारणे, दोषांसकट, लिहिली आणि तो कागद पावतीला जोडून फाइलमध्ये ठेवला. उद्या कुणी बोट दाखवलेच तर ते कुठे दाखवायचे, हे त्या कागदावर आहे. बोट दाखवता येऊ नये म्हणून पैसे खर्च करण्यापेक्षा बोट दाखवण्यासाठी जागा करून ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आणि एवढे करूनही जबाबदारी संपत नाही. रुंद लेन्सचा एक गुण कोणत्याच कंपनीला टाळता आलेला नाही. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर चौकटीच्या कडेला असलेले सगळे काही बाहेरच्या बाजूला ताणले जाते. मधल्या मुलाचा चेहरा जसाच्या तसा येतो, कडेच्या मुलाचे गाल पसरतात, डोके लांबते. हा काचेचा दोष नाही, भूमितीचा नियम आहे. आता वर्गाच्या छायाचित्रात कडेला कोण उभे राहते ते आठवून पाहा. उशिरा आलेले, बुजरे, ज्यांना कुणी हात धरून मध्ये ओढत नाही ते. तेच छायाचित्रात विद्रूप होतात आणि मग वर्ग त्यांनाच हसतो. उपाय साधा आहे. जेवढे मागे जाता येईल तेवढे जावे, कॅमेरा मुलांच्या छातीच्या उंचीवर सरळ धरावा, आणि दोन्ही कडांना रिकामी भिंत सोडावी. भिंत ताणली गेली तर तिला कुणी हसत नाही. यासाठी शेवटची दोन बाके उचलून बाहेर ठेवावी लागतात, पाच मिनिटे जातात. ही पाच मिनिटे लेन्सबरोबर मिळत नाहीत. ती ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्यालाच द्यावी लागतात.

नाव आपल्याला बरेच काही देते. विश्वास देते, वेळ वाचवते, कधी कधी खरोखरच चांगली वस्तू देते. जेथे तपासायला सवड नाही, साधन नाही, तेथे नावाचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पण जेथे तपासता येते तेथे नाव पुढे करून आपण आपले कष्ट वाचवत असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जात असते. पैसा दुसऱ्याचा असेल तर निदान कष्ट तरी आपले असावेत. मग वस्तू घरची असो की तिऱ्हाईताची, तिला न्याय मिळतो आणि ज्यांचा पैसा आहे त्यांनाही.