साडेसातशे अक्षरांचा हिशेब

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, २००७ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक निराळा वर्ग सुरू झाला. पाव फुगविणारे जे खमीर आपणां सर्वांस ठाऊक आहे, त्याच्या गुणसूत्राचे तुकडे या मुलामुलींनी प्रयोगशाळेत स्वतः जुळवावयाचे होते. एकेका तुकड्यात डीएनएची सुमारे ७५० अक्षरे. असे तुकडे जोडीत खमिराच्या सोळा गुणसूत्रांपैकी तिसरे नव्याने तयार झाले. मूळची अक्षरे ३,१६,६१७. नव्याची २,७२,८७१, कारण काही भाग आराखड्यातच गाळले होते. २०१४ साली निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा सहलेखकांत हे विद्यार्थीही होते.

हा देवाच्या कामात हात घालणे नव्हे काय, असे कोणी विचारील. प्रश्न गंभीर आहे. पण मुलांनी जीव निर्माण केला नाही. नवा तुकडा जिवंत पेशीत सोडला की पेशीच जुना काढून त्या जागी नवा बसवून घेते. ते कौशल्य तिचे. (पाव करणाऱ्यालाही फुगविण्याचे काम शेवटी खमिरावरच सोपवावे लागते.)

आम्हांला खरा प्रश्न दिसतो तो त्या ७५० अक्षरांपाशी. जुळवताना अक्षर चुकते, हे नेहमीचेच. म्हणून एका तुकड्याच्या अनेक प्रती अक्षर न् अक्षर वाचून पाहावयाच्या, आणि चुकलेली प्रत, तिच्यामागे कितीही श्रम झाले असोत, टाकून द्यावयाची. चूक जीवघेणी असेल तर खमीर वाढणारच नाही. ती लपत नाही. पण पुष्कळ चुका मुक्या असतात. एक अक्षर बदलले तरी प्रथिन तेच बनते, खमीर तसेच वाढते, गुरुजींनाही काही दिसत नाही. ज्याने कोणाचे काही बिघडले नाही, ती चूक कबूल का करावी?

मंडळीच्या जमाखर्चात चार रुपये जुळेनात, तेव्हा 'किरकोळ' म्हणून आम्हीही एकदा पान उलटले आहे. तेव्हा उपदेशाचा अधिकार आमचा नाही. एवढेच म्हणतो, की त्या खमिरावर पुढे जो प्रयोग करील तो लिहिलेल्या अक्षरांवर भरवसा ठेवूनच करील, आणि मुकी चूक त्याच्या हाती बोलू लागेल.

तयार गुणसूत्रातही मोजक्या ठिकाणी आराखड्याहून वेगळी अक्षरे राहिली होती. खमीर नेहमीच्या खमिरासारखेच वाढत होते, तरी निबंधात त्यांची नोंद आहे.