‘बिलीव्ह’: मत की निष्ठा?

‘डू यू बिलीव्ह इन गॉड?’ हा इंग्रजी प्रश्न आज देवाच्या अस्तित्वाविषयीचा प्रश्न म्हणूनच ऐकला जातो. आस्तिक ‘आहे’ म्हणतो, नास्तिक ‘नाही’ म्हणतो आणि वाद पुराव्यांवर जाऊन थांबतो. ‘बिलीव्ह’ या शब्दाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. धर्मजीवनात या शब्दाचा गाभा मत नव्हता, निष्ठा होती. निष्ठेचे नुसते मत झाले, यात श्रद्धाळू आणि चिकित्सक अशा दोघांचेही नुकसान झाले आहे.

भाषाशास्त्रज्ञ ‘बिलीव्ह’ची मुळे ज्या धातूत शोधतात, त्यातूनच इंग्रजीतला ‘लव्ह’ आणि जर्मनमधले ‘ग्लाउबेन’ व ‘लीबेन’ हे शब्द आले. संस्कृत ‘लुभ्’ही त्याच कुळातला. म्हणजे पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो, तो लोभ ‘बिलीव्ह’चा दूरचा नातलग ठरतो. ख्रिस्ती धर्मप्रतिज्ञा लॅटिनमध्ये ज्या ‘क्रेडो’ शब्दाने सुरू होते, त्याचा संबंध ‘श्रद्धा’शी जोडला जातो, दोन्हींचा मूळ अर्थ हृदय ठेवणे असा लावतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला देवता मानून तिचे सूक्त रचले आहे. एखाद्या विधानाला दिलेल्या संमतीची कोणी देवता करत नाही. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या धर्माभ्यासकाने १९७० च्या दशकात याच अर्थांतराकडे लक्ष वेधले आणि आधुनिक काळात ‘बिलीफ’ हा केवळ मताचा वाचक झाला, असे दाखवले.

यावर पहिला आक्षेप असा की, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो. आक्षेप बरोबर आहे. म्हणून वापरच पाहू. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की, देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. मत अचूक असूनही ती भुतेच राहतात, कारण कृतीवाचून विश्वास निर्जीव असतो, असा त्या पत्राचा रोख आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात याच्या उलट भूमिका घेतली. धर्मप्रतिज्ञेतील ‘बिलीव्ह इन’ म्हणजे व्यक्तीवरचा भरवसा नसून सिद्धांताची कबुली, असे तो सांगतो. तेव्हा निष्ठा आणि मत हे दोन्ही अर्थ परंपरेतच नांदत होते. पण याकोबाच्या कसोटीवर नुसती कबुली अपुरी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देव आहे असे मानल्याशिवाय त्याच्यावर भरवसा कसा टाकणार? आणि ‘हे मत नव्हे, निष्ठा आहे’ असे म्हणून कोणीही पुराव्याच्या प्रश्नातून निसटणार नाही काय? इंग्रज गणितज्ञ व तत्त्वज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्डने १८७७ मध्ये एका जहाजमालकाचे उदाहरण दिले. जुन्या जहाजाबद्दलच्या शंका दडपून तो त्यात प्रवासी पाठवतो. जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो दोषीच, असे क्लिफर्डचे म्हणणे, कारण तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. हे मान्यच करायला हवे. निष्ठेच्या पोटात विधाने असतात आणि वस्तुस्थितीविषयीचे प्रत्येक विधान पुराव्याला बांधील असते. मात्र निष्ठेमुळे ही जबाबदारी कमी होत नाही, वाढते. ज्याच्यावर आयुष्य सोपवायचे, त्याची पारख नुसत्या मतापेक्षा कठोर हवी; आणि पुरावा तपासून झाल्यावरही त्या निष्ठेने माणूस कसा घडला, हा प्रश्न उरतोच. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार केले आहेत. श्रद्धा आहे एवढ्याने तिथे कोणी चांगला ठरत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही देव मानावा की नाही, हे सांगत नाही. तो ठरावीक अमानुष आणि अघोरी कृत्यांना शिक्षा करतो.

म्हणून ‘तुम्ही देव मानता का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाची धार्मिकता मोजणे थांबवावे. ज्याला आपण हृदय दिले ते सत्याच्या कसोटीला उतरते का आणि त्यापायी आपल्या हातून कोणाचे भले होते, हे दोन प्रश्न प्रत्येकाने, आस्तिकाने आणि नास्तिकानेही, स्वतःला विचारावेत.