दुपारचं वाङ्मय



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

थोडक्यात अर्थ : ज्या बोलण्याने कुणाचं मन अस्वस्थ होत नाही, जे खरं असतं, गोड असतं आणि ऐकणाऱ्याच्या हिताचं असतं, ते बोलणं आणि नित्याचा स्वाध्याय, याला भगवंत वाङ्मय तप म्हणतात.

हा श्लोक मी पहिल्यांदा आजीच्या पोथीत वाचला तेव्हा कॉलेजात होते आणि नुकतीच कथा लिहायला लागले होते. मराठीत वाङ्मय म्हणजे साहित्य, त्यामुळे मी एकदम खूश! देवानेच लेखनाला तप म्हटलंय, म्हणजे आपलं बरोबर चाललंय. पण गीतेत या श्लोकाच्या आधी शरीराचं तप आहे, नंतर मनाचं. मधलं हे वाणीचं. दिवसभर तोंडातून आणि हातातून जे शब्द बाहेर पडतात, त्या सगळ्यांचं. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही पारायणात नाही, ऑफिसात.

मी आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात काम करते. हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट तपासायचे. कागद कमी असला की पत्र पाठवायचं. पहाटे पाच ते सहा मी कथा लिहिते. लोकलमध्ये बसायला मिळालं तर मोबाइलवर दोन वाक्यं आणखी. बरीच वर्षं मी दिवसाची अशी वाटणी करून टाकली होती : पहाटेचा तास माझा, बाकीचे नऊ तास पगाराचे. पहाटे अर्थ, दुपारी पोट. तुमच्यापैकी जे नोकरी सांभाळून लिहितात, गातात, चित्रं काढतात, त्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल.

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी कथा लिहीत होते. एक म्हातारी एसटी स्टँडवर कुणाची तरी वाट बघत बसलेली असते, एवढीच गोष्ट. तिच्या हातातल्या पिशवीचं वर्णन मी चार वेळा बदललं. त्या दिवसांत ऑफिसातही डोक्यात तीच म्हातारी. समोरच्या फायली मी 'उद्या बघू' म्हणून खाली सरकवत होते.

मग एक फोन आला. पलीकडे वयस्क बाई होत्या. यजमान हॉस्पिटलातच गेले होते. खर्च उसनवारी करून भागवला होता, आणि त्याच्या परताव्याची फाइल माझ्याकडे होती. आम्ही त्यांना इंग्रजी पत्र पाठवून 'इनडोअर केस पेपर्स' मागवले होते. त्यांनी तीच बिलं पुन्हा झेरॉक्स करून पाठवली. आम्ही पुन्हा तेच पत्र पाठवलं. त्यांनी पुन्हा तीच बिलं पाठवली. त्यानंतर फाइल माझ्या टेबलावर अकरा दिवस पडून होती.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला नेमका कोणता कागद पाहिजे, तो मला मराठीत सांगता का?"

मी सांगितलं. हॉस्पिटलात रोज नर्स आणि डॉक्टर जे लिहून ठेवतात, त्या कागदांची प्रत. ती रेकॉर्ड विभागात अर्ज केला की मिळते. दोन मिनिटं लागली. त्या म्हणाल्या, "एवढंच होतं होय?"

त्या 'एवढंच'ने मला जे लागलं ते अजून विसरता येत नाही. माझ्या कथेतल्या बाईची पिशवी मला पाठ होती. खरी बाई अकरा दिवस माझ्या टेबलावर वाट बघत बसली होती आणि मी तिचं नावही नीट वाचलं नव्हतं. शब्दांवर प्रेम आहे म्हणणारी मी, आणि माझ्याच सहीने गेलेलं पत्र त्या माणसाला कळलं नव्हतं. ते पत्र खोटं नव्हतं. पण हिताचं? उद्वेग न करणारं?

त्या रात्री पुन्हा हा श्लोक काढला, सोबत ज्ञानेश्वरी. माउली इथे परिसाचा दृष्टांत देतात : परीस लोखंडाला तोडत नाही, त्याचं वजन घटवत नाही, तरी त्याचं सोनं करतो. चांगलं बोलणं तसं, न दुखवता सुख देणारं. आणि पुढे म्हणतात, पाणी निघालेलं असतं झाडासाठी, पण वाटेतलं गवतही त्यावर जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं.

खरं सांगते, त्याआधी मी नोकरी सोडायच्या विचारात होते. मनात तुकोबांचं उदाहरण होतं. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, मग मी राजीनामा का देऊ नये? पण ती कथा नीट आठवून बघा. परंपरा सांगते, तुकोबांनी खतांची वाटणी केली, अर्धी भावाला, कान्होबाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. त्यात मोकळे कोण झाले? ज्यांच्याकडून येणं होतं ते. तुकोबांनी दुसऱ्यांच्या मानेवरचं ओझं उतरवलं. मला फक्त माझं उतरवायचं होतं, आणि त्याला मी वैराग्य म्हणत होते. अरणचे सावतोबा तर मळा सोडून गेलेच नाहीत. त्यांना विठ्ठल भाजीच्या वाफ्यातच दिसला.

याचा अर्थ नोकरी कधी सोडूच नये, असं मी म्हणत नाही. कुणाचं काम खरोखरच खोटं बोलायला लावणारं असेल, तर गोष्ट वेगळी. पण 'इथे अर्थ नाही' असं म्हणण्याआधी मी तिथे अर्थ शोधला होता का? पहाटेच्या कागदाला जेवढं लक्ष दिलं, त्याच्या चौथा हिस्सा तरी दुपारच्या कागदाला दिलं होतं का?

पत्राचा ठरलेला साचा बदलणं माझ्या हातात नव्हतं. पण सोबत साध्या मराठीत एक पान जोडू का, असं वरिष्ठांना विचारलं आणि ते हो म्हणाले. कोणता कागद, तो कुठे मिळतो, कुणाला भेटायचं. ते एक पान लिहायला मला तीन पहाटा लागल्या. आज विभागातले आणखी काही जण ते पान वापरतात. पाणी झाडासाठी निघालं होतं, थोडं गवतालाही पोचलं. त्या बाईंचा क्लेम मंजूर झाला, पण काही रक्कम कापून. माझ्या पानाने नियम बदलले नाहीत. फायलींचा कंटाळाही पूर्ण गेलेला नाही.

आणि कथा? ती 'साभार परत' आली. वाईट वाटलं, पण परत वाचल्यावर कळलं की त्यात पिशवी होती, बाई नव्हती.

मी अजून पहाटे लिहिते. श्लोकातला स्वाध्याय हा शब्द आता मी तिथे ठेवते. पहाटेचा तास म्हणजे रियाज. त्यात शब्द घासूनपुसून घ्यायचे, माणसाकडे बघायला शिकायचं. मैफल मात्र दुपारी, जिथे कुणीतरी खरंच उत्तराची वाट बघत असतं. दुपार चुकली तर पहाटेला तप कसं म्हणू?

आजचा छोटा संकल्प : आज ऑफिसातून जाणारा एक तरी मेल किंवा निरोप, तो ज्याला मिळणार आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून लिहू या. पाठवण्याआधी तीनच प्रश्न विचारू या : खरं आहे का, गोड आहे का, त्याच्या कामाचं आहे का?

पांडुरंगा, माझ्या हातून सुंदर लिहून होवो न होवो, कळेल असं लिहून होऊ दे.

राम कृष्ण हरी.