पंपाचे पैसे

स्मार्ट मीटरविरुद्ध लिहा, असा आग्रह घेऊन ग्वाल्हेरच्या दौलतगंजातले एक परिचित गृहस्थ मंगळवारी घरी आले. हातात बिल. "मीटर पळतंय हो! तुम्ही लोक काही लिहीतच नाही." लिहितो आहे, पण त्यांना हवं होतं ते नव्हे.

मीटरचं आधी उरकतो. त्यांच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलेला आहे. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करून शंभर वॅटचा एकच बल्ब लावला, तर दिवा सव्वाअकरा सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवा. आम्ही घड्याळ हातात घेऊन दहा वेळचा काळ मोजला. एकशे बारा सेकंद. मीटर पळत नव्हतं.

खरी गोष्ट बिलात होती. त्यांच्या वाड्याला दोन मीटर आहेत. वरचा मजला आईंच्या नावावर. तिथला वापर महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहील याची काळजी घेतली जाते, म्हणजे राज्य सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिली 100 युनिटं 100 रुपयांत पडतात. खालच्या तीन खोल्या दुसऱ्या मीटरवर. प्रत्येक खोलीला सबमीटर, आणि भाडेकरूंकडून युनिटला दहा रुपये.

दहाच का? "राउंड फिगर," ते म्हणाले. हा शब्द मला सहन होत नाही. मोडीत पै-पैची कीर्द लिहिणाऱ्यांची वंशावळ सांगणारी आमची लष्कर भागातली मराठी घरं, आणि दुसऱ्याचे पैसे घेताना मात्र राउंड फिगर. शून्यावर संपणारा आकडा नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनेच का वाढतो?

खालच्या खोलीत श्योपूरचा एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. त्याचा उन्हाळ्यातला हिशोब त्याच्यासमोर मांडला. पंखा 75 वॅटचा, पंधरा तास. दोन एलईडी, लॅपटॉप. हे सगळं मिळून दिवसाला दीड युनिटाच्या थोडं वर. छोटा कूलर 150 वॅटचा, दहा तास; दीड युनिट. तीस दिवसांचे झाले 92. वॅट गुणिले तास, भागिले हजार; सातवीतल्या मुलाला येणारं गणित आहे. स्वतःचं मीटर असतं तर योजनेप्रमाणे या मुलाला शंभर रुपयांच्या वर एक पैसा पडला नसता. तो 920 भरतो.

"पण पंप कोण चालवतं? जिन्यातला दिवा?" गृहस्थांनी हे तीनदा विचारलं, आणि दर वेळी आवाज चढवून. सगळेच दहा घेतात, हेही म्हणाले, पण भर पंपावर. जणू तो पंप अख्ख्या ग्वाल्हेरला पाणी पाजतो! मग पंपच मोजू. तिघरा धरणाचं पाणी नळाला येतं तेवढा तासभर तो चालतो. अर्ध्या हॉर्सपॉवरचा; जुनी मोटर म्हणून 600 वॅट धरले. महिन्याचे 18 युनिट. जिन्यातला नऊ वॅटचा दिवा रात्रभर जळला तरी तीन. झाले 21. खालच्या मीटरच्या बिलावर 297 युनिट आहेत आणि नियत प्रभार, विद्युत शुल्क सगळं धरून रक्कम 2,390. युनिटला आठ रुपये पाच पैसे. म्हणजे ज्या पंपाचा एवढा बोभाटा, त्याचा आणि दिव्याचा मिळून महिन्याचा खर्च 170 रुपयेही नाही. आणि तो पंप पाणी चढवतो कुठे? वरच्या मजल्यावरच्या टाकीत, जिथून मालकांच्याही बादल्या भरतात. तरी त्याची वायर भाडेकरूंच्या मीटरला जोडलेली.

297 मधून हे 21 वजा केले की तिन्ही खोल्यांचे मिळून 276 युनिट होतात. दहाप्रमाणे 2,760 रुपये जमतात. बिल भरून, पंप भागवून, दिवा जाळून 370 रुपये उरतात. दर महिन्याला. हा पंपाचा खर्च नव्हे, ही विजेवरची कमाई आहे, आणि ती घरापासून दूर येऊन एका खोलीत अभ्यास करणाऱ्या पोरांकडून होते आहे.

घरमालकाचं एक म्हणणं खरं आहे, ते मान्य करतो. तीन खोल्या एका मीटरवर आल्या की वापर वरच्या टप्प्यात जातो आणि दर चढतो. मग बिलाची रक्कम भागिले बिलावरचे युनिट, जो येईल तो दर घ्या. आठ आला तर आठ, नऊ आला तर नऊ. तक्रार कोण करील? दहा हा दर मात्र या बिलातून निघत नाही.

हे सगळं कागदावर लिहून त्यांना दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, मग स्मार्ट मीटरवर कधी लिहिताय? मुलाला म्हटलं, तू बिल दाखवा म्हण. तो म्हणाला, "अंकल, कमरा छूट जाएगा." त्याच्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

म्हणून मागणं घरमालकांकडेच आहे. दौलतगंजात, जनकगंजात, नई सडकेवर ज्यांच्या घरी सबमीटर आहेत, त्यांनी या महिन्यापासून बिलाची एक प्रत जिन्याजवळ चिकटवावी आणि खाली पेनाने दर कसा काढला तो भागाकार लिहावा. पंप मालकाच्या मीटरवर घ्यावा, नाहीतर त्याचे युनिट सगळ्यांत, स्वतःला धरून, वाटावेत. मागचे जे जास्तीचे घेतले ते पुढच्या भाड्यात वळते करावेत. कागद, पेन आणि दहा मिनिटं लागतात.

त्या मुलाने शुक्रवारी या महिन्याचे 920 रुपये दिले.